खानेसुमारी आणि वाडीची सडक

(बीड जिल्ह्यांतील एका वाडीवर ग्रामस्थांपुढें झालेलें भाषण)



आज मी फाट्यावर एस. टी. तून उतरलों आणि तेथून वाडीपर्यंत पायीं आलों. वाटेंत दप्तरें घेतलेल्या चार मुली भेटल्या. मुलींना एस. टी. चा पास फुकट आहे, पण गाडी फाटा सोडून आंत येत नाहीं. ओढा भरला कीं शाळा बुडते आणि अडलेली बाळंतीण बाजेवर घालून न्यावी लागते. सडक कां होत नाहीं म्हणून विचारलें, तर म्हातारेकोतारे म्हणाले, "वाडीचें नशीब!" मी म्हणतों, हें नशीब कपाळावर लिहिलेलें नाहीं, तें कचेरींतल्या एका आंकड्यांत आहे. तो आंकडा कसा तयार होतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजीं सुरू झाली. नियम असा, कीं सपाट मुलुखांत ज्या वस्तीचीं माणसें 500 भरतात, तिला बारमाही सडक द्यावी. डोंगराळ व आदिवासी मुलुखांत 250 पुरतात. 2024 सालीं योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. त्यांत देशांतल्या राहिलेल्या 25,000 वस्त्या जोडावयाच्या आहेत. पण माणसें धरलीं कोणत्या सालचीं? 2011 च्या खानेसुमारीचीं.

ती मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीला. फेब्रुवारींत तुम्ही कोठें असतां? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, पोरेंबाळें गाडींत घालून तुम्ही निघतां. कारखान्याच्या हद्दींत कोपी बांधतां आणि पहांटेपासून फडांत राबतां. घरीं येतां तें पट्टा पडल्यावर. वाडीला राहतात म्हातारीं माणसें आणि कुत्रीं.

मोजणीचा नियम असा होता: माणूस नेहमीं राहतो तेथें त्याला मोजावें, पण मोजणीच्या एकाहि दिवशीं तो घरीं नसेल, तर जेथें सांपडेल तेथें मोजावें. चार दिवस परगांवीं गेलेल्या व्यापाऱ्याचें यांत कांहीं बिघडत नाहीं. तुमचा मात्र सगळा महिना फडांत जातो. समजा, वाडींत माणसें 540 आणि तोडीला गेलीं 80. वाडीच्या नांवावर राहिलीं 460. गेली सडक! मुकादमाच्या वहींत नवराबायको मिळून एक कोयता. सरकारच्या वहींत वाडीच्या नांवापुढें त्याच दोघांचें शून्य! प्रत्येक वाडीची सडक याच एका कारणानें अडली, असें मी म्हणत नाहीं. पण हें कारण कोणी विचारलेंच नाहीं, एवढें खरें.

2021 ची खानेसुमारी झाली नाहीं. पुढच्या खानेसुमारीसाठीं सरकारनें 1 मार्च 2027 ही तारीख ठरविली. म्हणजे मोजणी पुन्हां ऐन तोडीच्या हंगामांतच. म्हणून तीन गोष्टी ध्यानांत धरा. मोजणीदार कोपीवर आला नाहीं, तर तुम्हीं त्याला गांठा. नाहींतर तुम्ही ना वाडीचे ना फडाचे. दुसरें, तोडीला जाणाऱ्यांची घरवार खरी यादी ग्रामसभेपुढें ठेवा आणि सडकेसाठीं हीं माणसें वाडींतच धरावीं, असा ठराव करून वर पाठवा. एकहि खोटें नांव घालूं नका. एका खोट्या नांवानें शंभर खरीं बुडतील. तिसरें, 500 मीटरच्या आंतल्या वस्त्यांचीं माणसें एकत्र धरतां येतात. शेजारच्या वस्तीशीं बांधावरून भांडण असेल, तर तें सडक होईपर्यंत तरी खुंटीला टांगा.

ऊस कारखान्यास पोंचावा म्हणून सडका होतात. ऊस तोडणारा घरीं पोंचावा, म्हणून एखादी सडक मागणें हें कांहीं भीक मागणें नव्हे. पण ज्याचें शिर मोजलें नाहीं, त्याचें मागणें कोणी ऐकत नाहीं. तेव्हां आधीं आपलीं शिरें मोजून घ्या.