पोरं बोलत असताना मध्ये तोडू नका



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय संपल्यावर मला दहा मिनिटं दिली होती. तेव्हा जे बोलले ते लिहून द्या म्हणाल्या, म्हणून देतेय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय.

विषय तुमच्यातल्याच एका काकूंनी दिला होता. "मॅडम, आमचं पोरगं घरात दिवसभर कालवा करतंय आणि शाळेत उभं केलं की दातखिळी बसते. त्याला जरा भाषण शिकवा की."

आधी मी तुम्हाला एक विचारते. गटाच्या पहिल्या बैठकीत तुम्ही स्वतःचं नाव कसं सांगितलं होतं? पदर तोंडाला लावून, शेजारणीकडं बोट करून, "हिलाच विचारा." आणि आता? "साहेब, आमची फाइल तीन महिने का पडून आहे ते सांगा," असं बँकेत उभं राहून विचारणारी तुमच्यातलीच आहे. मधल्या काळात तुम्हाला कुणी भाषणाचा क्लास लावला होता का? गोलात बसलो, आळीपाळीनं बोललो, बोलताना कुणी हसलं नाही आणि कुणी मध्ये तोडलं नाही. एवढ्यावरच तुम्ही शिकलात. पोरांनाही तेच लागतं, पण त्यांना ते आपण देत नाही.

आपण काय करतो बघा. २६ जानेवारी जवळ आली की मोबाइलवरून भाषण काढायचं आणि पोराकडून घोकून घ्यायचं. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग..." व्यासपीठ म्हणजे काय हे त्या लेकराला माहीत नसतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही नीट सांगता येत नाही. घोकलेलं भाषण कच्च्या शिवणीसारखं असतं. एक टाका सुटला की सगळं उसवतं.

माझं उसवलं होतं. पाचवीत असताना १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांवर बोलायचं होतं. शेंगांच्या टरफलांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. मी बरोबर टरफलांपाशी येऊन अडकले. "मी टरफलं उचलणार नाही," हे वाक्य तीनदा म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. सगळी शाळा हसली. एक गुरुजी माइकवरच म्हणाले, "पाठ होत नाही तर नाव कशाला देता?" मी रडत घरी आले. आई भाकरी थापत होती. तिनं ना रागावलं, ना समजूत काढली. थोड्या वेळानं नुसतं विचारलं, "मग पुढं काय झालं गं त्या शेंगांचं?" आणि मी चुलीपाशी बसून अख्खी गोष्ट सांगितली, न अडखळता, गुरुजींची नक्कल करून. म्हणजे मला बोलता येत होतं. तरी त्या हसण्यानं एवढं आत केलं की कॉलेजला जाईपर्यंत मी माइक हातात धरला नाही.

म्हणून सांगते, भाषण पाठ करून घेऊ नका. पोराला आधी विचारा, यातलं तुला काय आवडलं? ते सांगेल तेच त्याचं भाषण. कागदावर फक्त तीन शब्द लिहू द्या. टिळकांचं असेल तर शेंगा, टरफलं, गुरुजी. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करायचं, मधलं रोज वेगळं आलं तरी चालेल. आवाजासाठी त्याला अंगणाच्या त्या टोकाला उभं करा आणि आजीला ओट्यावर बसवा. आजीला ऐकू गेलं की झालं. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. विसरलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा, कागद बघायचा. थांबणं म्हणजे चूक नाही, हे त्याला घरातच कळलं पाहिजे.

भाषेवरून तर अजिबात टोकू नका. "आमी गेल्तो" म्हटलं की लगेच "आम्ही गेलो होतो म्हण" असं आपण करतो. पोर सांगायला आलेलं असतं शेळीला काय झालं ते, आणि आपण व्याकरण काढतो. पुस्तकातली भाषा शाळेत हळूहळू येईलच. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुलगी. तिनं आपल्या मांग-महार समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला आणि आजही लोक वाचतात. तिनं आपल्याच माणसांवर बेतलेलं सांगितलं होतं. आपल्या पोरांकडेही सांगण्यासारखं असतं. वस्तीवर टँकर कधी येतो, शाळेच्या संडासाला कडी नाही, एसटी थांबत नाही. बालसभा होत असेल तिथं हेच बोलू द्या.

काही मुलं तोतरी बोलतात. त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही आणि "नीट बोल" असं दटावायचं नाही. तोंडाकडं बघत शेवटपर्यंत ऐकायचं. लहानपणी बऱ्याच मुलांचं ते आपोआप सुटतं. सुटलं नाही, किंवा मूल उशिरा बोलायला लागलं, हाक मारल्यावर वळत नसेल, तर अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. याची लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता एक जड गोष्ट. ज्या पोरीला घरात सतत "गप बस, मोठ्यांमध्ये बोलू नको" असं ऐकवलं जातं, तिच्या अंगाला उद्या कुणी हात लावला तर ती कुणाला सांगणार? ती गप्पच बसेल, कारण तिला आपणच तसं शिकवलंय. माइकवरचं भाषण नाही जमलं तरी चालेल. पण "आई, मला ते आवडलं नाही" एवढं वाक्य तिच्या तोंडून निघालं पाहिजे, आणि ते निघाल्यावर आपण "तू तिथं गेलीसच कशाला?" म्हणायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे. तो पोरांना तोंडपाठ करून द्या. पाठ करायचंच असेल तर हे करा.

बैठकीत ठरलं ते पुन्हा लिहिते. दर महिन्याच्या बैठकीला पहिली पंधरा मिनिटं पोरांची. तीन पोरं, प्रत्येकी पाच मिनिटं, विषय त्यांचा. त्या वेळात पासबुकं पिशवीत आणि मोबाइल बंद. सचिवताईंनी इतिवृत्तात पोराचं नाव आणि ते काय बोललं, ते दोन ओळीत लिहायचं. पुढच्या वेळी ज्या काकूंनी विषय काढला त्यांच्या पोराचा पहिला नंबर. तो शेळ्यांवर बोलणार आहे म्हणे. काकू, तुम्ही मागं बसा, आणि त्याला मध्ये सांगायला जाऊ नका.