डबलसीटची गाडी

मोटारसायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी सीसी विचारतो, मग ॲव्हरेज. गाडी चालवून बघतो तीही एकटाच, दोन चौकांपुरती. आणि घ्यायची कशासाठी, तर दोघांनी कोकणात जायला! माझं म्हणणं सरळ आहे. डबलसीट फिरायचं असेल तर गाडी मागच्या सीटवर बसून निवडावी, आणि शेवटचा शब्द मागे बसणाऱ्याचा असावा.

मागे बसल्यावर आधी गुडघे बघा. सीट आणि फूटरेस्ट यांच्यात अंतर कमी असलं की गुडघे वर येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. मग चुळबुळ सुरू होते आणि प्रत्येक हालचाल हँडलपर्यंत पोचते. स्पोर्ट धाटणीच्या गाड्या इथेच बाद होतात. नंतर सीटचा उतार बघा. पुढे उतरती सीट असेल तर ब्रेक दाबला की मागचं माणूस घसरत पुढे येतं आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. घाट उतरताना हे किती वेळा होईल, मोजू नका. धरायला कमरेच्या दोन्ही बाजूंना दांड्या हव्यात. फक्त पाठीमागे कमान असेल तर हात उलटे करून धरावी लागते, आणि मनगटं भरून येतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण मागतो. हेच आपलं साडीगार्ड. ते ‘लुक’ बिघडवतं म्हणून काढून टाकणारे बहाद्दर बरेच आहेत. ओढणी तर सोडाच, लोंबती बॅगसुद्धा चाकात जायला वेळ लागत नाही.

आता इंजिन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. म्हणजे आपल्या नशिबी जुना हायवे आणि ताम्हिणी, वरंधा, आंबोलीसारखे घाट. तिथे कमाल वेगाचा आकडा काय चाटायचा? कमी आरपीएमला ओढणारं इंजिन हवं. रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० घ्या. सुमारे २० अश्वशक्ती, पण २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो. घाई नसेल तर दोघांना पुरे. हिमालयन ४५० मध्ये जोर दुप्पट आहे, पण तिची सीट ८२५ मिलिमीटर उंच, मीटिअरची ७६५. मागचं माणूस चढताना गाडी तोलून धरायची असते, तेव्हा दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत. साठीच्या गुडघ्यांना उंच सीटवर पाय टाकणं हीही कसरतच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४०. वाचलेल्या पैशांत मागच्यासाठी चांगलं हेल्मेट आणि जॅकेट घ्या. बहुतेक घरांत चांगलं हेल्मेट पुढच्याकडे आणि जुनं मागच्याकडे जातं.

डबलसीट प्रवासाचा राजा म्हणतात ती होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला ना वारा अडवणारं फेअरिंग होतं, ना पेट्या. हौशी लोक ते बाहेरून बसवून घेत. १९८० च्या इंटरस्टेटपासून कंपनीच ते देऊ लागली. तेव्हा शोरूममधली सीट आवडली नाही म्हणून गाडी सोडू नका. सीट बदलून मिळते, बॅकरेस्ट लावता येतो. फूटरेस्टची जागा मात्र सहजी बदलत नाही.

गाडी घेतल्यावर एक काम बहुतेक जण करत नाहीत. मागे माणूस बसलं की शॉकअप दबतं, पुढचं चाक हलकं पडतं आणि हेडलाइट झाडांवर जातो. म्हणून पान्याने स्प्रिंगचा प्रीलोड वाढवायचा आणि मागच्या टायरमध्ये डबलसीटसाठी सांगितलेली हवा भरायची.

टॉपबॉक्स घेताना मोह आवरा. पाठ टेकायला तो छान, पण मागच्या आसाच्याही पलीकडे लटकतो. त्यात जड सामान भरलं की वळणावर हँडल डुलतं. जड ते बाजूच्या बॅगांत, तळाला. वर रेनकोट आणि चिवडा.