लंगराच्या मागचा खड्डा

फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लढाईच्या गोष्टी सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र आज कुत्र्यांबद्दल बोलणार आहे, आणि हिमबिबट्याबद्दल.

लेह शहरातून सिंधू नदीपलीकडे पाहिलं की बर्फाची शिखरं दिसतात. तिकडे हेमिस राष्ट्रीय उद्यान आहे. १९८१ साली स्थापन झालेलं, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं. उद्यान म्हटलं की आपल्याला दाट जंगल आठवतं. इथे झाडं फक्त ओढ्याकाठी. बाकी सगळे उघडे डोंगर. त्यांवर भरल चरतात आणि भरलांच्या मागावर हिमबिबट्या असतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात अंदाजे ७१८ हिमबिबटे आहेत, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये.

नोकरीत असताना मी काही काळ सिंधूच्या अलीकडच्या काठावर होतो. आमच्या लंगरामागे एक खड्डा होता. उरलेल्या चपात्या, भात, मटणाची हाडं त्यात जायची. तिथली हवा इतकी थंड आणि कोरडी, की काही लवकर कुजत नाही. साहजिकच कुत्री आली. आम्हाला बरंच वाटलं. उणे वीसमध्ये रात्री पहारा देणाऱ्या जवानाला तेवढीच सोबत. एका कुत्रीला पिल्लं झाली, तेव्हा राशनचं रिकामं खोकं मीच मागवून दिलं होतं. एका रुबाबदार कुत्र्याचं नाव पोरांनी ‘सुभेदारसाहेब’ ठेवलं होतं. पुढे आमची बदली झाली. आम्ही सामान बांधून निघालो. कुत्री तिथेच राहिली.

निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन उद्यानातल्या रुंबक गावी गेलो, एका घरी होमस्टेला. घरातल्या आजोबांना सगळे ‘मेमे-ले’ म्हणत. त्यांनी मेंढ्यांचा गोठा दाखवला. वर लोखंडी जाळी होती. पूर्वी छत उघडं असे. बिबट्या आत उडी मारायचा आणि घाबरलेल्या मेंढ्यांच्या गोंधळात एकामागून एक मारत सुटायचा. मग चिडलेले गावकरी त्याला संपवायचे. आता जाळी आहे, आणि त्याला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे घरात चार पैसे येतात.

मेमे-ले म्हणाले, “बिबट्याला जाळी पुरते, साहेब. कुत्र्यांचं काय करायचं? टोळीनं येतात, दिवसाढवळ्या येतात. भरल मारतात, मेंढ्या मारतात. बिबट्यालासुद्धा त्याच्या शिकारीवरून हुसकावतात.”

मी विचारलं, “येतात कुठून?”

त्यांनी खाली, सिंधूच्या दिशेनं हात केला.

त्या रात्री मी गप्प बसलो. सकाळी लोणी-मिठाचा चहा घेताना मात्र खड्ड्याची गोष्ट सांगून टाकली. मेमे-ले रागावले नाहीत. माझा पेला पुन्हा भरत म्हणाले, “भुकेल्याला खायला घातलंत, यात वाईट काय? पण जाताना त्यांना कुणाच्या हवाली केलंत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघण्यापूर्वी हत्यारं मोजली होती, तंबू मोजले होते, डबेसुद्धा मोजले होते. कुत्री कुणी मोजली नव्हती, आणि ती जबाबदारी माझी होती.

भटकी कुत्री काही फक्त फौजी तळांवर वाढली नाहीत. लडाखमध्ये हॉटेलं वाढली, पर्यटक वाढले, उकिरडे वाढले. नकाशावर उद्यानाची हद्द असते, पण कुत्र्याला ती माहीत नसते. म्हणून उपाय हद्दीबाहेरच करायचा आहे. उष्टं-खरकटं झाकून ठेवायचं, त्याची रोजच्या रोज विल्हेवाट लावायची आणि कुत्र्यांची नसबंदी नेटानं चालू ठेवायची. मारून टाका असं मी म्हणणार नाही. त्यांचा यात काही दोष नाही.

तुम्ही लडाखला जाल तेव्हा एवढंच करा. खाण्याचं उरलंसुरलं मागे टाकू नका. रस्त्यावरच्या गोंडस पिल्लाला बिस्कीट देण्याचा मोह होईल, मलाही अजून होतो. त्या वेळी मेमे-लेंचा प्रश्न आठवा.

जय हिंद. आणि लडाखी भाषेत, जुले!