लिटरली म्हणजे नक्की काय?

आजचा शब्द तुम्ही दिवसातून दहादा तरी वापरता. लिटरली.

मी राहतो मुलुंडला, ऑफिस अंधेरीला. म्हणजे घाटकोपरला लोकल सोडायची आणि मेट्रो पकडायची. तिथल्या गर्दीतून मी मित्रांच्या ग्रुपवर रोज टाकायचो, ‘लिटरली मेलो यार!’ मे महिन्यात एकदा तिथेच माझ्या डोळ्यांपुढे खरोखर अंधारी आली. जिन्याच्या कडेला बसलो आणि टाइप केलं, ‘लिटरली चक्कर येतेय.’ उत्तर काय? चार हसरे इमोजी. शेवटी एका अनोळखी काकांनी पाणी पाजलं.

आधी मित्रांवर चिडलो. मग वाटलं, त्यांना तरी कसं कळणार? मी तर रोजच मरत होतो!

आता शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. ‘लेटर’, ‘लिटरेचर’ हे त्याच घरातले. त्यावरून ‘लिटरल’, आणि पुढे ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालं ‘लिटरली’. अर्थ, अक्षराला धरून, पदरचं काही न घालता. इंग्रजीत हा शब्द कित्येक शतकांपासून आहे.

मग तो इन्स्टावाल्यांनी बिघडवला का? अजिबात नाही. फ्रान्सिस ब्रूक यांच्या १७६९ च्या कादंबरीत तो असाच अलंकारिक वापरलाय. मार्क ट्वेननेही ‘टॉम सॉयर’मध्ये, १८७६ साली, तेच केलं. वेब्स्टरच्या शब्दकोशाने तर १९०९ मध्येच हा वापर नोंदवला.

आणि आपली मराठी? आपल्याकडे ‘अक्षरशः’ आहे. अक्षर अधिक शः, जसं क्रमशः, शब्दशः. म्हणजे बांधणीही तीच आणि गंमतही तीच! ‘अक्षरशः घामाची आंघोळ झाली’ असं आपण सर्रास म्हणतो. ‘शब्दशः भाषांतर’ मात्र अजून सरळ अर्थाने चालतं. अक्षर म्हणजे मुळात जे झिजत नाही ते. पण शब्द रोज वापरून झिजतातच.

म्हणून ‘लिटरली’ सोडा असं मी म्हणणार नाही. मस्करीत खुशाल वापरा. पण खरंच मदत हवी असेल, तर साधं लिहा, ‘चक्कर येतेय. घाटकोपरला आहे. फोन कर.’ मी आता तसंच लिहितो.

भेटू पुढच्या भागात. तोवर गर्दीत सांभाळून!