जीभ नव्हे, दात



आयुष्यभर मी शब्दच शिकवीत आलो. आज एका शब्दाने शेकडो वर्षे सत्य कसे झाकून ठेवले, ते सांगणार आहे.

माल्टा बेटावरील खडकांत त्रिकोणी, चकचकीत दगड सापडत. कित्येकांच्या कडा करवतीसारख्या असत. युरोपातील पंडित त्यांना ‘ग्लॉसोपेट्रा’, म्हणजे ‘जिव्हाश्म’ म्हणत. ते आकाशातून पडतात, असे प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनीने नोंदविले होते. संत पॉलने सापांच्या जिभांचे दगड केले, अशी माल्टातील श्रद्धा होती. विषावर उतारा म्हणून ते बाळगलेही जात. जीभ हे नाव एकदा रूढ झाल्यावर जीभ कोणाची, एवढाच प्रश्न उरला!

१६१६ साली फाबिओ कोलोन्ना या इटालियन विद्वानाने हे शार्कचे दात होत, असे प्रतिपादन केले. पण जुनी समजूत हटली नाही. पुढे १६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. आपल्या कोकणात ‘मुशी’ म्हणतात, त्याच मत्स्यकुळातला हा महाकाय मासा. त्याचे मस्तक फ्लॉरेन्सला आणवून ड्यूक फर्दिनांद दुसरा याने ते निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे सोपविले.

स्टेनोने जबडा उघडून पाहिला. शार्कचे दात आपल्यासारखे हाडाच्या खोबणीत रुतलेले नसतात. पुढच्या दातांमागे नव्या दातांच्या रांगा आडव्या पडून असतात; पुढचा गळाला की मागचा सरकत त्याची जागा घेतो. म्हणून एकच मासा आयुष्यात हजारो दात टाकतो. त्याचा सांगाडा कूर्चेचा. तो बहुधा कुजून जातो आणि कठीण दात तेवढे गाळात उरतात. जिव्हाश्म इतके विपुल का, याचे उत्तर या जबड्यातच होते.

दोहोंतील साम्य स्टेनोने १६६७ साली ग्रंथरूपाने मांडले, तेही निवाडा म्हणून नव्हे, तर पुराव्यानिशी केलेला तर्क म्हणून. समुद्रातला दात डोंगरातल्या खडकात कसा आला, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना १६६९ साली त्याने सिद्धान्त मांडला, की खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूशास्त्राचा पाया या विचारावर उभा आहे.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत नाव अचूक लिहिले की गुण मिळतात आणि पुष्कळदा आपले पाहणे तिथेच संपते. भाषेचा उपासक म्हणून मी आपणांस विनवितो, की शब्दावर प्रेम करा. परंतु वस्तू हाती घेऊन त्या शब्दाची परीक्षाही करा.