डिशवॉशरमधील फेस

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नोकरीनिमित्त विदर्भातून येऊन भिलाईस स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या या कारखान्याच्या आश्रयाने वाढल्या, त्यांना पाण्यातील क्षारांचा उपद्रव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बॉयलरमध्ये सोडावयाच्या पाण्यातून क्षार आधी काढले नाहीत, तर नळ्यांच्या आत त्यांचे कठीण कवच धरते, हे घरोघरचे निवृत्त कामगार जाणतात. आज बोलावयाचे आहे ते याच शास्त्राचा आधार घेणाऱ्या एका घरगुती यंत्राविषयी, म्हणजे डिशवॉशरविषयी, आणि त्यात भलताच साबण घातल्याने होणाऱ्या नुकसानीविषयी.

२०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बायांचे येणे बंद झाले, तेव्हा आपल्याकडे या यंत्राला एकाएकी मागणी आली; यंत्र मात्र जुने आहे. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन या बाईंना १८८६ च्या डिसेंबरात त्याचे पेटंट मिळाले, आणि १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रे मांडली गेली. भांडी तारेच्या चौकटीत स्थिर ठेवावी आणि घासण्याऐवजी त्यांवर जोराने पाणी मारावे, ही तिची कल्पना. आजचे यंत्रही याच तत्त्वावर चालते.

सर्व अनर्थाचे मूळ या ठिकाणी आहे. तळाशी साठलेले थोडेसे गरम पाणी पंप पुनःपुन्हा उचलतो, ते फिरत्या भुजांच्या छिद्रांतून वेगाने बाहेर पडते, आणि त्या धारेच्याच प्रतिक्रियेने भुजा फिरत राहतात. अशा यंत्रात हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण अथवा कपड्यांची पावडर पडली, तर पाणी घुसळले जाऊन त्याचा फेस होतो, पंपाच्या तोंडाशी पाण्याबरोबर हवा येऊ लागते, धारेचा जोर ओसरतो, भुजा मंदावतात, आणि फेस दाराच्या फटींतून ओट्याखाली, जमिनीवर पसरतो. भांडी ती खरकटीच राहतात. डिशवॉशरसाठी मुद्दाम केलेल्या पावडरीत फेस न होऊ देण्याची तजवीज असते. तिच्यातील अल्कली तेलकटपणा तोडते आणि विकरे भाताचा स्टार्च व डाळीतील प्रथिने विरघळवितात.

फेस दिसला नाही म्हणजे भांडे निघाले नाही, हा समज अलीकडचा आहे, आणि तो सोडावा असे मला मनापासून वाटते. आपल्या आज्या चुलीतील लाकडाची राख घेऊन नारळाच्या शेंडीने पितळी पातेली लखलखीत करीत, त्या राखेला कोठे फेस होता? तिच्यातील पोटॅशियम कार्बोनेट ही अल्कलीच आहे, आणि तुपाचा ओशटपणा तीच काढीत असे.

डिशवॉशरमध्ये घालावयाच्या मिठाचाही खुलासा करावयास हवा. ज्या यंत्रांत मिठाचा निराळा कप्पा असतो, त्यांत पाणी मृदू करणारे रेझिन बसविलेले असते. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते, आणि मिठाच्या द्रावणाने धुतले की पुन्हा कामास योग्य होते. या कप्प्यात स्वयंपाकाचे मीठ घालू नये, कारण ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेले पदार्थ तेथे अडथळा करतात. साबण तर चुकूनही घालू नये, त्याने ती व्यवस्था कायमची निकामी होऊ शकते. शिवाय योग्य पावडर वापरली तरी अॅल्युमिनियमचा कुकर त्या अल्कलीने काळवंडतो, आणि कल्हईची भांडी व बिडाचा तवाही बाहेरच ठेवावा.

फेस झालाच, तर यंत्र तत्काळ बंद करून वीज तोडावी, फेस पुसून काढावा, तळाशी थोडा पांढरा व्हिनेगर ओतावा, आणि फेस निघून जाईपर्यंत साध्या थंड पाण्याने खळबळून ते पाणी काढून टाकावे.

एका गोष्टीची मात्र मला खंत वाटते. या यंत्रांच्या माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात, आणि यंत्र चालविणारी घरातील सासू असते किंवा कामाला येणारी बाई. चूक झाली की बोल तिला लागतो, सूचना मात्र तिला कोणी वाचून दाखविलेली नसते. घरातील ज्याला इंग्रजी येते त्याने तो मजकूर मराठीत, हिंदीत किंवा छत्तीसगढीत, तिला समजेल त्या भाषेत सावकाश सांगावा, पहिल्या खेपेस तिच्या शेजारी उभे राहावे, आणि हाताने घासण्याच्या साबणाची बाटली यंत्राजवळच्या फळीवरून उचलून मोरीजवळ ठेवावी.