रंग वर, गंज आत
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाबद्दल आणि कर्जाबद्दल बोलणारे इथे पुष्कळ आहेत. आम्ही आज लोखंडाबद्दल बोलणार आहोत. कापूस जिनिंगला न्यायचा, कडबा आणायचा, शेणखत टाकायचे, हे सगळे ज्या ट्रॉलीवर चालते तिच्याबद्दल. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभी असते तीही तीच.

आधी आमचीच फजिती सांगतो. जुन्या ट्रॉलीचा सडलेला पत्रा काढून नवा टाकायचा होता. खालचा सांगाडा उघडा पडला. तेव्हाच तो नीट साफ करायचा, पण पोळा दोन दिवसांवर आला होता. आम्ही म्हटले, मारून टाका रंग. गंजावरच निळा ऑइलपेंट फासला. पोळ्याला ट्रॉली नवरीसारखी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. नखाने खरवडले तर रंगाच्या पापुद्र्यासकट गंज हातात आला. तरी आम्ही दुर्लक्ष केले. दिवाळीनंतर कापूस भरून निघालो आणि हुकाजवळचा दांड्याचा जोड तडकला. वर दोन मजूर बसलेले होते. ट्रॅक्टर हळू होता म्हणून निभावले.

गंज चढतो कसा, ते समजून घेऊ. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. त्यात क्षार मिसळला की तो झपाट्याने वाढतो. फाटक्या गोणीतून सांडलेले पोटॅश, ओले शेणखत, हे सगळे सांगाड्याच्या कोपऱ्यात साचते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. आत कोंडलेला गंज रंगाने मरत नाही.

तेव्हा काम असे करा. पहिल्यांदा तेल-ग्रीस काढा. रॉकेलने पुसले तर त्याचा तेलकटपणा मागे राहतो. म्हणून शेवटचा हात थिनरच्या स्वच्छ फडक्याने फिरवा. तेल असताना घासले तर ते सगळीकडे पसरते. मग छिन्नीने पापुद्रे उडवा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लोखंड उजळेपर्यंत घासा. वेल्डिंगवरची काळी खपली ठोकून काढा. नवे चॅनेल आणले असेल तर त्यावर निळसर काळी पापडी असते. ती चांगली दिसते, पण पुढे सुटते आणि रंग घेऊन जाते. तीही काढा. जुन्या रंगात शिसे असू शकते. घासताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, नुसते फडके पुरत नाही; डोळ्यांना चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा.

घासलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवू नका. दवाने सकाळी लाली धरते. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्या. आधी कडा, कोपरे आणि वेल्डिंगचे जोड ब्रशने भरा, कारण कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच शिरतो. मग सगळा सांगाडा. तो पूर्ण वाळला की दुसरा हात, आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात वरून वाळतो, आत ओला राहतो. नुसते रेड ऑक्साइड लावून ट्रॉली पावसात सोडू नका, ते पाणी फार दिवस अडवत नाही. वैशाखात दुपारी तापलेल्या लोखंडाला ब्रश लावू नका, फोड येतात. सकाळी, सावलीत, वावटळ नसताना काम करा.

बंद पाइपाच्या तोंडात चिखल बसला असेल तर तो काढा, पाणी निथळायला वाट ठेवा. जळके ऑइल आत सोडायचे असेल तर रंग वाळल्यावर सोडा. आधी सोडले तर ते झिरपते आणि रंग धरत नाही. आणि तडकलेला जोड रंगाने झाकू नका. आधी वेल्डिंग, मग रंग.

यात डब्यांचा खर्च थोडा, घासण्याची मेहनत जास्त. घाई होते ती घासण्यातच. आमचीही तिथेच झाली. ज्या ट्रॉलीचे हप्ते आपण कापसावर फेडले, ती दोन दिवसांच्या आळसापायी भंगारात किलोने घालायची का?

ज्वारीची मळणी उरकली की ट्रॉली रिकामी होते. पावसाला अजून वेळ असतो. तेव्हा एकदा तिच्याखाली झोपून पाहा, हुकाच्या जोडावर हातोडीने ठोका. आवाज खणखणीत आला तर घासायला घ्या. बद्द आला, पापुद्रे पडले, तर आधी वेल्डिंगवाल्याकडे न्या. तोपर्यंत तिच्यावर माणूस बसवू नका.

एवढे बोलून आम्ही थांबतो.